उभराटच्या वाऱ्यावर टिकतील अशी सुगंधी देशी झाडे कोणती?

प्रतापनगरकर

नमस्कार. आम्ही मूळचे वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातले. आजोबा गायकवाडी राज्याच्या नवसारी प्रांतात महसुली नोकरीत होते. त्या काळात त्यांनी दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावरच्या उभराटजवळ, समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर, बारा गुंठे जागा घेऊन ठेवली होती. ती इतकी वर्षे पडूनच होती. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर मी तिथे दोन खोल्यांचे घर बांधले, समुद्राच्या बाजूला म्हणजे पश्चिमेला लांब ओटा काढला, आणि वर्षातले सात-आठ महिने तिथेच राहायचे असे आम्ही दोघांनी ठरवले.

रावपुऱ्यातल्या वाड्यात बकुळीचे जुने झाड होते. पहाटे अंगणात फुलांचा सडा पडे आणि आजी ती फुले सुईशिवाय, गवताच्या काडीत ओवत असे, कारण गळून पडलेल्या बकुळफुलाच्या मधोमध आयतेच भोक असते. ओटीवरच्या कपाटात तो सुकलेला सर वर्षभर असायचा आणि कपाट उघडले की वास यायचा. उभराटची बाग अशी वासाची असावी, एवढीच माझी इच्छा आहे.

पहिल्या पावसाळ्यात सोनचाफ्याची सहा कलमे, दोन अनंत, दोन पारिजातक आणि रातराणी लावली. रोपवाटिकेतल्या माणसाने समुद्राकाठी सगळे उत्तम येईल असे सांगितले होते. सोनचाफ्याची पाच कलमे पहिला उन्हाळाही पाहू शकली नाहीत. पानाचे टोक आधी तपकिरी होई, मग ती तपकिरी रेघ कडेकडेने देठाकडे सरके, आणि आठ-दहा दिवसांत पान बोटांत धरले तर कागदासारखे वाजे. समुद्राकडच्या बाजूची पाने आधी गेली, घराकडची नंतर. अनंताची पाने पिवळी पडत गेली. पारिजातकाच्या मुळाशी श्रावणात पाणी साचले आणि दोन्ही झाडे कुजली. सोनचाफ्याचे सहावे कलम आणि रातराणी एवढीच जगली आहेत.

जमीन वर वाळूची आणि दोन हातांखाली चिकणमातीची आहे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला १४०० मिलिग्रॅम दाखवतो. झाडे शक्यतो देशी हवीत. या पावसाळ्याआधी नीट विचार करून यादी ठरवायची आहे, म्हणून हा धागा काढला.

ओवळी

तुम्ही बकुळीबद्दल लिहिलेले वाचून राहवले नाही. आमच्या गुहागरकडे बकुळीला ओवळी म्हणतात, आणि लग्न होऊन वडोदऱ्याच्या कारेलीबागेत आले तेव्हा इथे तिला बोरसल्ली म्हणतात हे कळले.

तुमची झाडे का गेली ते तुम्हीच लिहून ठेवले आहे. समुद्राकडची पाने आधी जळली, याचा अर्थ मीठ मुळांतून येण्याआधी वाऱ्यातून आले. लाटांचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, पानावर सुकतात आणि मीठ पानाच्या कडेला साठून ती कड करपते. सोनचाफ्याचे पान मोठे आणि पातळ असते, त्याला दमट आणि निवाऱ्याची जागा लागते. झाड वाईट नव्हते, ते चुकीच्या रांगेत लावले गेले.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, कोणती फुले हवीत हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी वारा कुठे आणि कशाने अडवायचा ते ठरवा. ज्या बागेत सतत वारा वाहतो त्या बागेत वास टिकतच नाही. फूल फुलते, पण सुगंध तुमच्यापर्यंत येण्याआधी पांगून जातो. आमच्या घराला समुद्राच्या बाजूला उंडीची रांग होती आणि तिच्या आडोशाला सुरंगी, ओवळी, हिरवा चाफा असे सगळे होते. उंडी नसती तर त्यांतले काहीही उभे राहिले नसते.

उंडी म्हणजेच पुन्नाग. कोकणापासून दक्षिणेकडे किनाऱ्यावर, अगदी भरतीच्या रेषेपर्यंत हे झाड आपोआप वाढते. त्याची फळे समुद्रावर तरंगत दूर जाऊन रुजतात. पान हातात घ्या: जाड, मेणचट, चकचकीत, आणि उजेडासमोर धरले तर मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना इतक्या बारीक आणि समांतर शिरा दिसतात की फणीने विंचरल्यासारखे वाटते. अशा पानावर मीठ ठरत नाही. फुले पांढरी, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका, आणि वास गोड पण सौम्य. बियांच्या तेलाला आमच्याकडे उंडेल म्हणतात. पूर्वी देवळात दिव्याला तेच असे. कठीण कवच फोडून गर पेरला तर रोप लवकर येते. दोष एकच, झाड सावकाश वाढते.

वाघोडिया रोड

ओवळीताईंशी मी सहमत आहे, फक्त तुमच्या यादीतल्या ‘देशी’ या शब्दाबद्दल थोडे लिहितो, कारण या बाबतीत आपली बहुतेकांची समजूत चुकीची असते. रातराणी वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेकडची आहे. देवळाच्या आवारात दिसणारा पांढरा-पिवळा खुरचाफा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, निशिगंध मेक्सिकोचा, आणि तुम्ही लावलेला अनंत दक्षिण चीन आणि जपानकडचा. अनंताला आम्लधर्मी माती लागते. क्षारयुक्त पाणी दिले की लोह मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. तुमच्याकडे नेमके तेच झाले. ही सगळी झाडे आपल्या पूजेत आणि गाण्यांत इतकी मुरली आहेत की ती परकी वाटत नाहीत, आणि एखादे लावले तर पापही नाही. पण देशीचा आग्रह असेल तर तो जाणून केलेला असावा.

वाऱ्याच्या आडोशासाठी कुणीतरी तुम्हाला सुरू लावायला सांगेलच, कारण दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर सगळीकडे सुरूची बने आहेत. सुरू लवकर वाढतो हे खरे, पण भारताच्या मुख्य भूमीवर तो बाहेरून आणलेला आहे आणि त्याच्या सुयांच्या थराखाली दुसरे फारसे काही वाढत नाही. कोनोकार्पसची रोपेही कुणी सुचवली तर घेऊ नका. २०२३ मध्ये गुजरातच्या वनखात्याने त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

लवकर वाढणारे देशी झाड हवे असेल तर पारसपिंपळ घ्या. त्याला वास नाही. तरी मी तो सुचवतो, कारण प्रत्येक झाड सुगंधी हवे या हट्टापायी सुगंधी झाडांचाच बळी जातो. पारसपिंपळाची जाड फांदी पावसाळ्यात खोचली तरी फुटते, खाऱ्या वाऱ्याची त्याला सवय आहे आणि दोन-तीन वर्षांत तो माणसाच्या डोक्यावर जातो. त्याच्या आडोशाला उंडी आणि करंज सावकाश मोठे होऊ द्या. करंजाच्या फुलांनाही मंद वास असतो आणि त्याच्यावर मधमाश्या भरपूर येतात.

आणखी एक. वारा अडवायला पक्की भिंत बांधू नका. भिंतीवरून उडी घेतलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली आपटतो. झाडांची पट्टी अर्धा वारा आत सोडते आणि अर्धा अडवते, त्यामुळे तिच्या मागे उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत हवा शांत राहते. पंधरा फूट उंच पट्टी असेल तर तुमची बहुतेक जागा तिच्या आडोशाला येईल.

प्रतापनगरकर

दोघांचेही मनापासून आभार. मी तीन वर्षे फुलांचाच विचार करत होतो, पानाचा विचार एकदाही केला नाही, हे आता लक्षात येते. पश्चिमेच्या कुंपणाशी पारसपिंपळ, त्यामागे उंडी आणि करंज, इतके ठरले.

आता तीन प्रश्न आहेत. बकुळ तिथे टिकेल का? केवडा लावावा का? आणि आमच्या प्रतापनगरच्या रस्त्यावर दिवाळीच्या सुमारास सप्तपर्णीचा जो वास भरतो, ती लावावी का?

ओवळी

बकूळ नक्की टिकेल, दुसऱ्या रांगेत. पान जाडसर असल्यामुळे ती समुद्राकाठची हवा सोसते. तिला फक्त पहिली दोन-तीन वर्षे आडोसा आणि पाणी हवे. घाई करू नका, बियांपासूनच्या रोपाला फुलायला बरीच वर्षे लागतात. उंच, बारीक, पिशवीत वाढून गेलेले रोप स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. वाऱ्याच्या जागी गुडघ्याएवढे, बुंध्याशी जाड रोप लवकर मूळ धरते आणि वर्षभरात त्या उंच रोपाला मागे टाकते.

केवडा जरूर लावा, पण घराजवळ नको. पानाच्या दोन्ही कडांना आणि खालून मधल्या शिरेलाही काटे असतात, आणि बेट एकदा पसरले की आवरणे कठीण जाते. कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे वाळू सरकते तिथे लावा. त्याच्या आधारमुळ्या वाळू धरून ठेवतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे वास फक्त नर झाडाच्या कणसाला असतो. रोप बियांपासून घेतले तर नर की मादी ते फुलेपर्यंत कळत नाही. म्हणून ज्या बेटाचे कणीस तुम्ही स्वतः हुंगले आहे, त्याच बेटाचा फुटवा आणा. आपण हरितालिकेला पत्री गोळा करतो त्याच दिवशी शेजारच्या गुजराती बायका केवडा त्रीज धरतात आणि दिवसभर केवडा हुंगतात. त्या दिवशी फूल जिथून आले त्याची चौकशी केली तर फुटव्याचाही पत्ता लागेल.

सप्तपर्णीबद्दल मी सांगत नाही, मला तो वास सहन होत नाही.

निजामपुरा

सप्तपर्णीची बाजू मी घेते. ते आपल्याच रानातले झाड आहे, आणि शरदात थंडीची चाहूल मला त्याच वासाने लागते. शहरात त्याच्याविषयी तक्रारी होतात त्या झाडाच्या नाहीत, अंतराच्या आहेत. रस्ताभर ओळीने लावलेली, खिडकीला टेकलेली सप्तपर्णी डोके दुखवणारच. एकच झाड, घरापासून शंभर-सव्वाशे फुटांवर, असे लावले तर वास लांबून येतो आणि फार सुंदर वाटतो. प्रतापनगरकरांच्या बारा गुंठ्यांत तेवढे अंतर मिळत नसेल तर मात्र लावू नये, हे मीही मान्य करते.

मी मुख्यतः झुडपांबद्दल लिहायला आले आहे. सुगंधी बाग म्हटली की लोकांना मोठी झाडेच आठवतात, पण ओट्यावर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर फुलतात ती झुडपे. समुद्राकाठी माझी पहिली पसंती मेंदीला आहे. खारी हवा, कमी पाणी, हलकी जमीन हे सगळे तिला चालते. तिची फुले बारीक, मलईच्या रंगाची, दिसायला साधी असतात, आणि संध्याकाळी त्यांचा वास दहा पावलांवरून येतो. हिना अत्तर त्याच फुलांचे. मात्र मेंदीचे कुंपण कातरून चौकोनी ठेवले की फुले येत नाहीत, कारण फुलोरा नव्या फांदीच्या टोकाला धरतो आणि कात्री नेमकी तीच टोके नेते. एक बाजू कातरा, एक बाजू मोकळी सोडा.

दुसरी कुंती, जिला बरेच जण मधुकामिनी म्हणतात. ती आडोशातच लावा. कोरडे पडलेले झाड पहिल्या चांगल्या पावसाने एकदम पांढरे होते, आठवडाभर घर दरवळते, आणि मग पुन्हा काही दिवस शांत राहते. लिंबाचे झाड जवळ असेल तर कुंती लावू नका. लिंबूवर्गीय झाडांवर हरितरोग पसरवणारी सायला कीड कुंतीवरही वाढते.

कुंपणाच्या खालच्या भागाला कोयनेल लावा. भरतीच्या पाण्याशेजारी वाढणारे ते झुडूप आहे, वाढ झपाट्याची आहे, आणि पांढऱ्या फुलांना संध्याकाळी मंद वास येतो.

मांजलपूरकर

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, म्हणून पाण्याविषयी लिहितो.

सिंचनाच्या पाण्यासाठी साधारण ठोकताळा असा आहे: टीडीएस ४५० पर्यंत निर्धास्त वापरावे, ४५० ते २००० मध्ये झाड पाहून आणि जपून वापरावे, २००० च्या वर बहुतेक झाडांना ते मारक ठरते. तुमचा १४०० हा आकडा मधल्या पट्टीत, पण वरच्या बाजूला आहे. शिवाय एका मोजणीवर जाऊ नका. पावसाळ्यानंतर आणि मेअखेर असे दोनदा मोजा. किनाऱ्यालगत उन्हाळ्यात उपसा वाढतो तसे खारे पाणी आत सरकते. दांडीचा किनारा तुमच्यापासून फार दूर नाही. १९३० मध्ये ६ एप्रिलला गांधीजींनी जिथे मीठ उचलले, त्याच पट्ट्यात आपण बाग करतो आहोत हे लक्षात ठेवावे.

रोज थोडे थोडे पाणी देण्याची सवय इथे घातक आहे. थोडे पाणी वरच्यावर वाफ होऊन जाते आणि त्यातले मीठ मुळांपाशी राहते. चार-पाच दिवसांनी, पण भरपूर द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली धुपून जाईल. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर फवारू नका. बुंध्याभोवती नारळाच्या सोडणांचा किंवा पालापाचोळ्याचा चार बोटे थर ठेवा, फक्त तो खोडाला टेकवू नका. घराच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी एका टाकीत साठवता आले तर ते पहिल्या उन्हाळ्यात बकुळीच्या रोपांसाठीच राखून ठेवा.

तुमच्या जमिनीत खाली चिकणमातीचा थर आहे. तिथे खोल खड्डा खणून भुसभुशीत खतमाती भरली तर त्या खड्ड्याची विहीर होते आणि श्रावणात मुळे बुडतात. तुमचे पारिजातक त्यानेच गेले. खड्डा उथळ घ्या आणि रोप जमिनीपेक्षा हातभर उंच वरंब्यावर लावा. पारिजातक हे मुळात उतारावरचे, कोरड्या डोंगरांतले झाड आहे. वरंब्यावर ते तुमच्याकडेही येईल.

ओवळी

सगळ्यांचे वाचून एक गोष्ट राहून गेली असे वाटते, आणि ती प्रतापनगरकरांना कदाचित आवडणार नाही. तुमचा ओटा पश्चिमेला आहे. वासाच्या दृष्टीने ती चुकीची बाजू आहे.

समुद्राकाठी दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि पावसाळा सोडला तर रात्री तो उलटतो, जमिनीकडून समुद्राकडे हळू वाहतो. आपली बहुतेक सुगंधी देशी फुले पांढरी आणि रात्री फुलणारी असतात, कारण ती पतंगांना बोलावत असतात. म्हणजे वास सुटतो तेव्हा वारा पूर्वेकडून येत असतो. तुम्ही मेंदी, कुंती आणि मोगरा पश्चिमेच्या ओट्यापुढे लावलात तर रात्री त्यांचा वास थेट समुद्रावर जाईल. हीच झुडपे घराच्या पूर्वेला, मागच्या अंगणात लावा, आणि तिथे एक कट्टा बांधा. गुहागरला आमचे मागचे दार म्हणूनच रात्री उघडे असे. समुद्र पुढून पाहायचा आणि वास मागून घ्यायचा.

वाघोडिया रोड

ओवळीताई, हे मला सुचले नव्हते. यात फक्त एक भर घालतो. पूर्वेच्या अंगणाला घराचाच आडोसा मिळतो, त्यामुळे जिवंत राहिलेले ते सहावे सोनचाफ्याचे कलम पावसाळ्यात उकरून तिथे हलवता येईल. मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू देऊ नका. शिवाय डिकेमालीचा शोध घ्या. ते आपल्या कोरड्या रानातले झुडूप आहे, फूल संध्याकाळी शुभ्र उमलते आणि दुसऱ्या दिवशी पिवळे पडते, वास अनंताच्या जवळचा. देशी झाडांत अनंताची जागा घेऊ शकेल असे मला तेच वाटते, पण रोपवाटिकांत क्वचितच मिळते.

निजामपुरा

सुरंगीचा उल्लेख वर एकदा आला आणि पुढे गेला. पूर्वेच्या अंगणात ती येणार नाही का?

ओवळी

येईल कदाचित, पण मी आग्रह करणार नाही. तिला कोकणचा पाऊस आणि दमटपणा लागतो, वाढ फार सावकाश असते, आणि फुले जुन्या जाड फांद्यांवरच धरतात. वेंगुर्ल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे झाडाखाली उभे राहिले की तो वास कसा असतो ते कळते. उभराटला तिच्यासाठी पंधरा वर्षे वाट पाहण्यापेक्षा ती जागा बकुळीला द्यावी असे मला वाटते.

प्रतापनगरकर

सव्वा वर्षाने धाग्यावर परत येतो आहे. जे झाले ते लिहितो.

गेल्या वर्षी आषाढात पश्चिमेला पारसपिंपळाच्या चौदा फांद्या खोचल्या, त्यांतल्या अकरा फुटल्या आणि आज त्या माझ्या खांद्याला लागतात. त्यांच्यामागे पाच उंडी आणि तीन करंज आहेत. उंडी अजून गुडघ्याएवढीच आहे, पण मे महिन्याच्या वाऱ्यात तिच्या एकाही पानाची कड करपली नाही. मी रोज जाऊन पाहत होतो. बकुळीची चार रोपे वरंब्यावर लावली, तीन आहेत. चौथे मांजलपूरकरांचे न ऐकता मी रोज तांब्याभर पाणी देऊन घालवले. मेअखेर टीडीएस २१०० निघाला, तेव्हा टाकीतले पावसाचे पाणी बकुळींना दिले आणि ते जेमतेम पुरले.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात केवड्याचे दोन फुटवे लावले आहेत. ते ज्या बेटाचे आहेत त्याचे कणीस हिच्या हातात होते.

पूर्वेला कट्टा बांधला. सोनचाफ्याचे कलम तिथे हलवले आणि त्याला पहिल्यांदाच पूर्ण हिरवी पालवी आली. मेंदी दोन्ही बाजूंना मोकळी सोडली आहे. गेल्या आठवड्यात पाऊस उघडला, रात्री नऊच्या सुमारास वारा पडला आणि थोड्या वेळाने मागून येऊ लागला. आम्ही कट्ट्यावर होतो. कुंतीला तिसऱ्यांदा बहर आला होता, आणि तो वास आमच्यावरून, स्वयंपाकघरातून, पुढच्या ओट्यापर्यंत गेला. ही उठून ओट्यावर जाऊन खात्री करून आली.

वडोदऱ्यात किंवा डांगच्या बाजूला कुणाकडे डिकेमालीचे रोप असेल तर कृपया कळवावे. कट्ट्याच्या उजव्या हाताला तिच्यासाठी वरंबा तयार करून ठेवला आहे.